राफाल, पण १९३४चं आणि लाकडाचं

पंखपारखी

राफाल म्हटलं की आता आपल्याला २०२० साली अंबाल्याला उतरलेली वायुदलाची लढाऊ विमानं आठवतात. फ्रेंचमध्ये राफाल म्हणजे वाऱ्याचा अचानक आलेला जोरदार झोत. हेच नाव त्याच्या पाऊणशेहून अधिक वर्षं आधी एका इवल्याशा लाकडी विमानाला मिळालं होतं. ते विमान म्हणजे कॉद्राँ सी.४६०. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या शर्यतीच्या विमानांत मला सगळ्यात प्रिय असलेलं. त्याच्याबद्दल मराठीत सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

आधी शर्यतीबद्दल. ऑन्री दॉइच द ला मर्त हे फ्रान्समधले तेलाचे मोठे उद्योजक. १९०१ मध्ये सांतोस-द्युमोंने आपलं हवाई जहाज आयफेल टॉवरला वळसा घालून आणलं आणि बक्षीस जिंकलं, ते बक्षीस यांचंच. त्यांच्या नावाचा करंडक पहिल्या महायुद्धाआधीपासून होता, मध्ये बंद पडला आणि १९३३ मध्ये त्यांच्या घरातल्या सुझान यांच्या पुढाकाराने पुन्हा सुरू झाला. या वेळी नियम वेगळा होता. इंजिनाचं आकारमान ८ लीटरच्या वर नको. बाकी विमान कसंही बांधा. पॅरिसच्या दक्षिणेला एताँपच्या मैदानावरून निघायचं, १०० किलोमीटरच्या मार्गावर दहा फेऱ्या म्हणजे १००० किलोमीटर, मग थांबून इंधन भरायचं आणि पुन्हा तेवढंच अंतर.

या नियमातली हुशारी लक्षात घ्या. त्या काळात वेग वाढवायचा म्हणजे मोठं इंजिन बसवायचं, ही सरळ रीत होती. समुद्रावरून उडणाऱ्या श्नायडर करंडकाच्या विमानांत दोन-अडीच हजार अश्वशक्तीची इंजिनं आली होती. ८ लीटरची मर्यादा घातली की ती वाटच बंद. मग उरतं काय? हवेचा विरोध कमी करा, वजन कमी करा, प्रॉपेलर सुधारा.

१९३३ची शर्यत जॉर्ज देत्रेने पोतेझ ५३ मधून जिंकली, सरासरी ताशी ३२२.८ किलोमीटर. इंजिन सुमारे ३१० अश्वशक्तीचं, गोल रेडियल, म्हणजे सिलिंडर मधल्या दांड्याभोवती वर्तुळात लावलेलं. कॉद्राँ दुसरं आलं. त्याच वर्षी तयारीच्या उड्डाणात लुदोव्हिक आराशार हा नामवंत वैमानिक कॉद्राँच्या विमानात मरण पावला. ही शर्यत कोणासाठीच खेळ नव्हती.

कॉद्राँ कंपनी तोवर लुई रेनोच्या हाताखाली आली होती, आणि तिथे मार्सेल रिफार नावाचा अभिकल्पक होता. १९३४ मध्ये त्याच्या सी.४५० मधून (सी.४६०चं जवळचं भावंड) मोरिस आर्नूने ताशी ३८९ किलोमीटरच्या सरासरीने करंडक घेतला. १९३५ मध्ये रेमों देलमोतने सी.४६० मधून ताशी ४४४.

आता मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. ३२३ वरून ४४४. दोन वर्षांत. इंजिनाची ताकद साधारण तेवढीच, तीनशेच्या थोडी वर. हवेचा विरोध मोडून काढायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ४४४ भागिले ३२३ म्हणजे १.३७५, त्याचा घन २.६. म्हणजे पोतेझ ५३लाच ४४४च्या वेगाने न्यायचं असतं तर आठशे अश्वशक्तीचं इंजिन लागलं असतं. रिफारने ते तीनशेत भागवलं. उरलेली पाचशे अश्वशक्ती त्याने ड्रॉइंग बोर्डावर मिळवली. (थोडं श्रेय प्रॉपेलरला आणि इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरलाही द्यायला हवं, पण मोठा वाटा आकाराचाच.)

कशी मिळवली? सहा सिलिंडर एकामागे एक, तेही उलटे टांगलेले, असं रेनोचं बेंगाली इंजिन घेतलं. समोरून पाहिलं तर एकाच सिलिंडरची रुंदी दिसते, त्यामुळे नाक निमुळतं. हवेने थंड होणारं, म्हणून रेडिएटर बाहेर काढायची गरज नाही. पंखाचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर. ७ चौरस मीटर म्हणजे दहा बाय साडेसात फुटांची खोली. तेवढ्या पंखावर साडेनऊशे किलोंच्या आसपासचं विमान. एका चौरस मीटरवर जवळजवळ १३५ किलो! आजच्या शिकाऊ सेस्ना १७२च्या दुप्पट. पंख लाकडी, प्लायवूडने मढवलेले आणि घासूनपुसून गुळगुळीत केलेले. वैमानिक पार मागे, पंखाच्या मागच्या कडेपलीकडे बसायचा. त्याच्या डोक्यावरचं आच्छादन सरळ मागे जाऊन शेपटीच्या उभ्या पात्यात विरून जायचं. बाजूने पाहिलं तर कुठे धड संपतं आणि कुठे शेपूट सुरू होते ते बोटाने दाखवता येत नाही.

२५ डिसेंबर १९३४, नाताळचा दिवस. मार्सेयजवळच्या इस्त्रच्या सपाट माळावर देलमोतने ३ किलोमीटरच्या टप्प्यावर ताशी ५०५.८४८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला, जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचा. आधीचा विक्रम अमेरिकेच्या जेम्स वेडेलचा, ताशी ४९० किलोमीटर.

एलेन बूशेबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही, पण ते स्वतंत्र प्रतिसादात लिहितो. तोवर कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

शेवंती

किती छान लिहिलंय! घनाचं गणित पहिल्यांदाच असं समजलं. एक प्रश्न: इंजिन उलटं का टांगायचं? सिलिंडर वर असले तर काय बिघडतं?

निवृत्त फिटर

शेवंतीताई, याचं उत्तर मी देतो, कारण उलट्या इंजिनांखाली माझी बरीच वर्षं गेली. आमच्या फ्लाइंग क्लबात टायगर मॉथ होती, नंतर एचटी-२ आली, दोन्ही शिकाऊ विमानं. दोन्हींची इंजिनं उलटी, चार सिलिंडरची.

सिलिंडर खाली गेले की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, वर येतो, म्हणजे प्रॉपेलरचा मध्यही वर येतो. मग प्रॉपेलरचं टोक जमिनीला लागू नये म्हणून विमान उंच पायांवर उभं करावं लागत नाही. चाकांचे पाय आखूड, म्हणजे वजन कमी आणि विरोधही कमी. शिवाय नाकाचा वरचा भाग खाली येतो, वैमानिकाला पुढचं दिसतं.

त्याची किंमत आम्ही रोज सकाळी मोजायचो. रात्रभर विमान उभं राहिलं की तेल पिस्टनच्या कडेने झिरपून खाली सिलिंडरच्या डोक्यात साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्ट केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्विच बंद आहेत याची खात्री करून प्रॉपेलर हाताने हळूहळू फिरवायचा. कुठे अडल्यासारखं लागलं तर जोर लावायचा नाही, खालचे प्लग काढायचे, तेल गळू द्यायचं. थंडीच्या दिवसांत प्रत्येक प्लगमधून काळं तेल बोटावर यायचं. त्या बेंगाली इंजिनात तर सहा सिलिंडर आणि वर सुपरचार्जर. तिथल्या मेकॅनिकांचे हात माझ्या डोळ्यांसमोर येतात.

पंखपारखी

फिटरकाका, हे पुस्तकात मिळत नाही. मनापासून आभार.

आता एलेन बूशे. जन्म १९०८, पॅरिस. १९३१ मध्ये वैमानिकाचा परवाना. १९३३ मध्ये एका छोट्या विमानातून व्हिएतनाममधल्या सायगावला जायला निघाली, पण बिघाडामुळे इराकमधूनच परतावं लागलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९३४ मध्ये, तिने सी.४५० मधून इस्त्रला विक्रमांची रांग लावली. ८ ऑगस्टला १००० किलोमीटर अंतरावर ताशी ४०९ किलोमीटर. हा आकडा फक्त स्त्रियांचा विक्रम नव्हता, स्त्री-पुरुष सगळ्यांत तो सर्वोच्च होता. ११ ऑगस्टला ताशी ४४५ किलोमीटर, स्त्रियांचा जागतिक वेगविक्रम.

त्याच वर्षी मारीज बास्तिए आणि आद्रियेन बोलाँ या वैमानिक स्त्रियांसह ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरली. फ्रान्समध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला १९४४ मध्ये. ताशी ४४५ किलोमीटरने विमान नेणाऱ्या मुलीला स्वतःच्या देशात मत देता येत नव्हतं.

३० नोव्हेंबर १९३४. गियांकूरच्या मैदानावर उतरताना तिचं विमान कोसळलं. ते शर्यतीचं नव्हतं, सी.४३० होतं, त्याच घराण्यातलं दोन आसनी राफाल. वय २६. पॅरिसच्या लेझँव्हालिदमध्ये, जिथे नेपोलियनची समाधी आहे, तिथे तिचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं गेलं. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. देलमोतचा विक्रम त्यानंतर पंचवीस दिवसांनी झाला. ही तारीख वाचली की मी दर वेळी थांबतो. त्या हँगरमध्ये तो महिना कसा गेला असेल.

शेवंती

वाचून गप्प झाले. लेकीला दाखवते हे. ती अकरावीत आहे, विमानशास्त्राला जायचं म्हणते.

दूरदेशी

नमस्कार, मी गेली नऊ वर्षं पॅरिसजवळ राहतो. पूर्व पॅरिसमध्ये एलेन बूशेच्या नावाची मोठी शाळा आहे, तिच्यावरून अनेकदा गेलोय, पण ही कोण हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. आता पुन्हा गेलो की फाटकापाशी थांबेन.

१९३३चं विजेतं पोतेझ ५३ ल बूर्झेच्या हवाई संग्रहालयात आहे. रंग निळा. मुलाला घेऊन गेलो होतो तेव्हा पाहिलं. फोटोत कळत नाही एवढं ते लहान आहे. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, तो म्हणाला, "बाबा, हे लहान मुलांचं आहे का?" समोर उभं राहिलं की रेडियल इंजिनाचा तो गोल तोंडवळा भरतो डोळ्यांत. पंखपारखी, तुमचं २.६चं गणित वाचल्यावर आता कळतंय की रिफारला नेमकं काय घालवायचं होतं.

चिकित्सक

लेख उत्तम, पण एक बाजू राहिली. १९३६ मध्ये मिशेल देत्रोया सी.४६० घेऊन अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॅशनल एअर रेसेसला गेला आणि ग्रीव्ह व थॉम्पसन हे दोन्ही करंडक घेऊन आला. थॉम्पसनमध्ये त्याची सरासरी ताशी ४२५ किलोमीटर, दुसऱ्या आलेल्या अर्ल ऑर्टमनची ३९९. तेव्हा अमेरिकन स्पर्धकांची तक्रार होती की आम्ही गॅरेजमध्ये, उसनवारी करून विमानं बांधतो आणि हा सरकारी पैशावर बांधलेलं विमान घेऊन येतो. मला ती तक्रार अगदीच चुकीची वाटत नाही. बेनी हॉवर्ड, कीथ रायडर ही विमानं बांधणारी माणसं खरोखर चार मित्र आणि एक शेड यांवर उभी होती.

पंखपारखी

चिकित्सक, तक्रारीत तथ्य आहे हे मान्य. रेनोसारखा कारखाना पाठीशी असणं आणि शेडमध्ये रात्र जागवणं यांत फरक आहेच, आणि त्या शेडमधल्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. पण ग्रीव्हमध्ये इंजिनाच्या आकाराची मर्यादा होती, तर थॉम्पसनमध्ये कितीही मोठं इंजिन चालत होतं. तिथेही सहा सिलिंडरचं इंजिन मोठमोठ्या रेडियलांच्या पुढे निघालं. पैसा होता, पण तो ताकद विकत घेण्यात गेला नाही, आकारावर विचार करण्यात गेला. माझं म्हणणं एवढंच.

अमेरिकेतला धनाढ्य वैमानिक हॉवर्ड ह्यूज, त्याचंही बघा. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याने देलमोतचा विक्रम मोडला, ताशी ५६७ किलोमीटर. त्याचं एच-१ अत्यंत देखणं आणि गुळगुळीत विमान, त्यात वादच नाही. पण इंजिन २५ लीटरचं. देलमोतने विक्रमासाठी वापरलेलं ९.५ लीटरचं.

बाल्साकाम

उशिरा आलो, पण आलो. मी सी.४६०चं १:६ प्रमाणातलं बाल्साचं मॉडेल करतोय, दुसऱ्यांदा. पहिलं गेल्या दिवाळीत उतरताना गेलं. पंख इतका लहान की वेग जरा कमी झाला की विमान एकदम एका अंगावर पडतं, सावरायला वेळच देत नाही. मॉडेलवर ही गत, तर खऱ्या विमानात मागे बसून, पुढचं लांबलचक नाक बघत उतरणाऱ्यांचं काय होत असेल.

फ्यूजलाजच्या, म्हणजे धडाच्या, मागच्या भागाला आणि आच्छादनाला मी तीन वेळा घासलं. लाकडावर हात फिरवताना डोळे मिटून घेतो, कारण डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळव्याला लागतो. आच्छादन जिथे शेपटीच्या पात्याला मिळतं तिथे नकाशातल्या रेषा सगळ्या एकाच ठिकाणी येतात, आणि तिथे अर्धा मिलीमीटर जरी चुकला तरी सावली पडते.

पंखपारखी, प्रॉपेलरबद्दल वाचायचं राहिलंय. तुम्ही "प्रॉपेलर सुधारा" म्हणालात आणि पुढे गेलात!

पंखपारखी

खरंय, राहिलं. सांगतो, कारण सगळ्यात गोड भाग तोच आहे.

प्रॉपेलरच्या पात्याचा कोन महत्त्वाचा. धावपट्टीवर, वेग कमी असताना, कोन लहान हवा, म्हणजे इंजिन पूर्ण फेऱ्यांवर फिरतं आणि विमान लवकर उचलतं. वेगात असताना कोन मोठा हवा. सायकलचे गिअर असतात तसंच. कोन पक्का असेल तर शर्यतीच्या वेगाला साजेसा प्रॉपेलर उड्डाणाच्या वेळी नुसती हवा घुसळत राहतो.

राटिए कंपनीने यावर काढलेली युक्ती अशी. प्रॉपेलरच्या मधल्या भागात हवेची पिशवी. उड्डाणाआधी मेकॅनिक पुढच्या टोकाशी पंप लावतो, सायकलचा साधा पंप, आणि हवा भरतो. पात्यांचा कोन लहान होतो. विमान उडतं, वेग घेतं. नाकाच्या टोकावर एक छोटी चकती आहे. वेग ठरावीक झाला की समोरून येणारी हवा त्या चकतीला मागे ढकलते, व्हॉल्व्ह उघडतो, भरलेली हवा निघून जाते आणि पाती मोठ्या कोनावर जातात. झालं. वैमानिकाने काही करायचं नाही, कसली कळ दाबायची नाही.

अडचण एकच. हवा गेली की गेली. आकाशात परत भरता येत नाही. म्हणजे उतरताना अंदाज चुकला आणि पुन्हा वर जायचं झालं तर मोठ्या कोनाच्या प्रॉपेलरवर, अपुऱ्या फेऱ्यांवर. बाल्साकाम, तुम्ही म्हणालात त्या लहान पंखावर!

याच जातीचा राटिए प्रॉपेलर १९३४ची इंग्लंड ते मेलबर्न शर्यत जिंकणाऱ्या डी हॅविलंड कॉमेटवरही होता. ते विमान इंधनासाठी आपल्या अलाहाबादला उतरलं होतं. पुन्हा उडण्याआधी तिथल्या उन्हात कोणीतरी पंप मारला असणारच.

निवृत्त फिटर

पंप मारणारा मेकॅनिक! माझा जन्म त्या कामासाठीच होता.

चिकित्सक

आणखी एक मुद्दा, आणि हा जरा कडू आहे. एवढं सगळं शिकून फ्रान्सला काय मिळालं? याच विचारातून कॉद्राँने सी.७१४ हे हलकं लढाऊ विमान बांधलं. लाकडी, ४५० अश्वशक्ती, चार मशीनगन. मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये लढणाऱ्या पोलिश वैमानिकांना ती मिळाली. वर चढायला मंद, हत्यारं तोकडी, आणि समोर हजार अश्वशक्तीच्या पुढची जर्मन मेसरश्मिट. ती विमानं मागे घ्यायचं ठरत होतं, पण दुसरं काही नाही म्हणून पोलिश तुकडी त्याच विमानांतून लढत राहिली. ८ लीटरच्या शर्यतीने फ्रेंचांना लहान इंजिनाच्या प्रेमात पाडलं, असं मला वाटतं. इंग्रजांनी श्नायडरसाठी मोठी इंजिनं केली आणि त्या अनुभवातून पुढे स्पिटफायरचं मर्लिन इंजिन उभं राहिलं.

पंखपारखी

या मुद्द्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. सी.७१४ ही चूक होती, मान्य. शर्यतीत विमान एकाच गोष्टीसाठी असतं. त्याला वर चढायचं नसतं, गोळ्या वाहायच्या नसतात, मार खाऊन घरी यायचं नसतं. ते रूप तसंच्या तसं युद्धात नेणं चुकलं आणि त्याची किंमत त्या पोलिश मुलांनी मोजली. १९३४चा विजेता मोरिस आर्नूसुद्धा जून १९४० मध्ये लढताना गेला, मोरान या लढाऊ विमानात.

पण "काय मिळालं" याला दुसरं उत्तर आहे. त्याच रिफारच्या टेबलावरून त्याच वर्षांत सिमून आणि गोएलाँ बाहेर पडली. सिमून चार जणांचं, टपाल आणि प्रवासाचं. 'द लिटल प्रिन्स'चा लेखक सँतेक्झ्युपेरी डिसेंबर १९३५ मध्ये इजिप्तमधल्या लिबियन वाळवंटात कोसळला तो सिमूनमधूनच. गोएलाँ दोन इंजिनांचं प्रवासी विमान, सतराशेच्या आसपास बांधली गेली. तोच स्वच्छ पंख, तीच उलटी सहा सिलिंडरची इंजिनं, थोड्या इंधनात लांबचा पल्ला. शर्यतीची खरी वंशावळ मला तिकडे दिसते, सी.७१४ मध्ये नाही.

चिकित्सक

हे पटलं. गोएलाँ माझ्या डोक्यात या घराण्यातलं म्हणून कधी आलंच नव्हतं.

दूरदेशी

बुगाटीच्या १००पी बद्दल कोणी बोललं नाही. तेही दॉइच करंडकासाठीच होतं ना?

पंखपारखी

हो. एतोर बुगाटी आणि लुई द मोंज. दोन इंजिनं वैमानिकाच्या मागे, पुढे उलटसुलट फिरणारे दोन प्रॉपेलर. युद्ध आलं आणि ते कधी उडालंच नाही. मूळ विमान अमेरिकेत ऑशकॉशच्या संग्रहालयात आहे. त्याच्यावर वेगळा धागा काढायला हवा, इथे दोन ओळींत त्याला न्याय मिळणार नाही.

सी.४६०ची मात्र उडणारी प्रतिकृती झाली आहे. कॅलिफोर्नियात फ्लाबॉबच्या मैदानावर बांधली, २००९ मध्ये उडाली, नंतर फ्रान्सलाही गेली.

बाल्साकाम

तिचं उड्डाण पाहिलंय व्हिडिओत. चाकं आत गेल्यावर जी रेषा दिसते ना...

माझ्या मॉडेलचं काल चौथ्यांदा घासून झालं. आच्छादन आणि शेपटीच्या मधली सावली गेली. रविवारी वारा नसेल तर पहाटे टेकडीमागच्या मैदानावर नेतो. फिटरकाका, तुम्ही जवळपास असाल तर या. हवा भरायचा प्रॉपेलर नाही माझ्याकडे, पण सोडायच्या आधी हाताने फिरवायला कोणीतरी जाणतं हवं.

निवृत्त फिटर

येतो. साडेसहाला पोचेन. स्विच बंद ठेव.